तुमच्या सहीवरचा माझा शब्द

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी बसायला आलो होतो. शेजारच्या घरातला माग तुमच्यासाठी तीन दिवस बंद ठेवला होता, असं कुणीतरी सांगितलं. मी आलो तेव्हा तो पुन्हा सुरू झाला होता. त्याच्या खटखटीत प्रत्येकाला आवाज चढवून बोलावं लागत होतं. दुःखाचं बोलणं मोठ्यानं बोलावं लागलं की माणूस दोन वाक्यांत थांबतो. सगळे तसेच थांबत होते आणि चपला शोधत उठत होते.

अक्का मात्र थांबल्या नाहीत. लोक गेल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं.

“तू होतास की तिथं ह्यांच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांग. सुई दोनदा उकळल्याशिवाय हातात न घेणारा हा माणूस. सायबासमोर कधी आवाज चढवला न्हाय. त्यानं त्या कागदावर तसला शब्द लिहिलाच कसा? तीन वर्षं घरापासनं लांब काढली त्या एका शब्दापायी. पोरांचे आजार मी एकटीनं काढले. इचारलं की नुसतं हसायचे.”

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “तेव्हा परिस्थितीच तशी होती, अक्का.”

परिस्थिती! बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या माणसाला हा शब्द फार उपयोगी पडतो. त्याच्या आड एक अख्खा माणूस लपू शकतो. त्या दिवशी मी लपलो, चहा संपवला आणि घरी आलो. तेव्हापासून हे लिहितोय.

तुम्हाला आठवतं, आपली पहिली भेट कशी झाली? बहात्तरचा दुष्काळ पडला होता आणि त्याच्या पुढचा उन्हाळा चालू होता. जेऊरपासून आत कोसभर आमचं गाव. घरात पहिला शिकलेला मी. आईनं माझ्या पदवीचं भेंडोळं उतरंडीच्या सगळ्यात वरच्या मडक्यात ठेवलं होतं, आणि पाहुणा आला की ते मडकं खाली यायचं. त्या पदवीवर मला आरोग्य खात्यात हंगामी लेखनिकाची जागा मिळाली आणि अक्कलकोटच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं तिथं पाठवलं. तुम्ही तिथले आरोग्य निरीक्षक. तरुणपण देवीची लस टोचण्यात गेलेलं, म्हणून लोक तुम्हाला देवी डॉक्टर म्हणायचे. तुम्ही डॉक्टर नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही म्हणायचे.

“नाव काय बे?” तुम्ही स्टोव्हला पंप मारत विचारलंत.

मी नाव सांगितलं आणि त्याच्यापुढं ‘बी.ए.’ही जोडलं.

“बरं. सुई उकळायला येती का, बी.ए.?”

“नाही.”

“मग एवढं वाचलास ते कशाला बे?”

त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाही. मी तुम्हाला अण्णा म्हणू लागलो, कारण सगळेच म्हणत. तलावावर मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारे होते, तुमच्या घरी तेलुगू. तिन्ही भाषांत तुम्ही अण्णाच.

त्या वर्षी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती होती. देशोदेशी तिची साथ फिरत असल्याचं वर्तमानपत्रात येत होतं. त्यामुळं कामावर नियम आला होता: टोचल्याची चिठ्ठी नसेल, तर हजेरी लागणार नाही. मला हा नियम फार हुशारीचा वाटला. माणसाला मजुरीची गरज आहे, सरकारला त्याच्या दंडाची. दोन्हींची गाठ मारली की काम झालं. मी तुम्हाला तसं म्हणालोही. उत्तर गंगव्वानं दिलं.

गंगव्वा म्हणजे तिशीतली, उंच, मराठी वाक्यात मधेच कानडी शब्द टाकणारी बाई. नवरा शिवप्पा आणि दोन मुली घेऊन कामावरच पाल टाकून राहिली होती. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा ती दंड पदराखाली धरून उभी राहिली.

“सुईला न्हाय म्हनत न्हाय मी,” ती म्हणाली. “सुई टोचली की दंड सुजतोय. दुसऱ्या दिवशी मातीची पाटी कोन उचलनार? तुमचा सायेब?”

“चिठ्ठी नसेल तर हजेरी नाही,” मी म्हणालो.

“आन् पाटी न्हाय उचलली तर हजेरी हाय व्हय, तम्मा?”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. रांगेतल्या बाया हसल्या. तुम्हीही हसलात.

“बी.ए., बघ तुझं अर्थशास्त्र,” तुम्ही म्हणालात. “पाटी घेऊन पुढ्यात उभं हाय.”

तुम्ही त्याच दिवशी टोचणी थांबवलीत आणि ती आठवडे-बाजाराच्या आदल्या दिवशी ठेवलीत. बाजारच्या दिवशी काम बंद असायचं. सूज सुट्टीत उतरेल, असा हिशेब. मला वाटलं, प्रश्न सुटला. गंगव्वा परत आली. “गड्यांचं भागलं. बायांना कसली सुट्टी? त्या दिवशी तर दळान, धुनं, पानी.” तुम्ही डोकं खाजवलंत आणि कामावरच्या ओव्हरसियरकडे गेलात. टोचलेल्या बायांना दोन दिवस पाटी नको, पाळणाघराच्या सावलीत पोरं सांभाळायला नाहीतर सुकडी वाटायला बसवा, हजेरी पुरी लावा, असं तुम्ही सांगितलंत. ओव्हरसियर कुरकुरला.

“टोचून घेतलं म्हणून एवढे लाड?”

“लाड न्हाय, सायेब. लस हाय,” तुम्ही म्हणालात. “अर्धी सुईत असती, अर्धी सावलीत.”

गंगव्वानं सगळ्यांच्या आधी दंड पुढं केला. तिच्यामागं लागलेली रांग ऊन चढेपर्यंत संपली नाही. मी चिठ्ठ्या फाडून थकलो. कॉलेजात तीन वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या एका सकाळी कळलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेव्हा ते कळलं असं कबूल करणं जड होतं.

लस आली, तरी पाणी आलं नाही. टँकरचा भरवसा नव्हता. विहिरीचा तळ दिसू लागला तसे लोक खोदकामाच्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी पिऊ लागले. मग एक दिवस एक म्हातारा पालात आडवा झाला. तुम्ही मला आत नेलंत. तांदळाच्या धुवणासारखं पाणी त्याच्या अंगातून चाललं होतं आणि डोळे खोल गेले होते. तुम्ही त्याच्या बोटांची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती तशीच उभी राहिली.

“हे पुस्तकात न्हाय मिळायचं,” तुम्ही हळू आवाजात म्हणालात. “नीट बघून घे.”

सलाईन नव्हतं. तुम्ही ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करायला लावलीत, मीठ घालून, घोट घोट पाजायला. मीठ किती, तर डोळ्यांतलं पाणी खारट असतं तेवढं.

“म्हंजे चव बघाय आदी रडाय पायजे?” गंगव्वानं विचारलं, आणि पातेल्याचा ताबा घेतला. पुढचे दिवस तो तिच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब जीपमधून आले. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही, अण्णा. तुम्हीही कधी बोलला नाहीत. त्यांनी पालापालांत वाकून पाहिलं. मग झाडाखाली उभे राहून तुम्हाला विचारलं, “रोजच्या रोग्यांच्या तक्त्यात आजाराचं नाव काय लिहिताय?”

“रकाना अजून कोरा हाय, सायेब.”

“गॅस्ट्रो लिहा.”

तुम्ही पेनाचं टोपण घट्ट लावलंत.

“मला हौस नाही, राजय्या,” साहेब म्हणाले. “पटकी लिहिलीत की नियमानं बाजार बंद, जमाव बंद, हे कामही बंद. एवढ्या माणसांना उद्या मी काय खायला घालू? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहू.”

तुम्ही टोपण काढून गॅस्ट्रो लिहिलंत. जीप गेली.

पण गॅस्ट्रोला काही मिळत नव्हतं. पटकी असती तर डॉक्टरांचं पथक आलं असतं, सलाईनच्या बाटल्या आल्या असत्या, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर पोत्यांनी आली असती. गॅस्ट्रोला गोळ्यांच्या पुड्या आल्या. नाव घेतलं तर भाकरी जाणार, नाव घेतलं नाही तर औषध येणार नाही. मी तळतळून बोललो. भर दुपारी, त्या लिंबाच्या विरळ सावलीत आपण भांडलो.

“खरं लिहायला भिताय कशाला, अण्णा?”

“खरं लिहायला शाई लागती बे. निस्तरायला धान्य लागतंय.”

“म्हणून खोटं लिहायचं?”

“आपलं खातं म्हणजे मरीआईचा गाडा हाय,” तुम्ही म्हणालात. लहानपणी मी तो पाहिला होता. गावात पटकी आली की मरीआईचा छोटा गाडा करून वाजतगाजत पुढच्या गावाच्या हद्दीवर नेऊन ठेवायचा. त्या गावानं तो आणखी पुढं ढकलायचा. “हद्दीबाहेर गेला की ह्या गावाची सुटका. पुढच्या गावात कोण ऱ्हातंय, ते बघायचं न्हाय.”

मग तुम्ही मला तुमच्या आजीची गोष्ट सांगितलीत. सोलापुरात प्लेग होता तेव्हाची, तुमच्या वडिलांच्या लहानपणची. आजीला गाठ आली. तपासणीवाले घरोघर फिरत होते. रोगी सापडला की घर मोकळं करायचे, सामान रस्त्यावर काढायचे. माग रस्त्यावर गेला म्हणजे घरच रस्त्यावर आलं. तुमच्या घरी खड्ड्याचा माग होता. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तसला. आजोबांनी आजीला त्या खड्ड्यात निजवलं, वर चटई पसरली, आणि पाय दुमडून घेऊन वर विणत बसले. तपासणीवाले आले, बघून गेले.

“माग वाचला,” तुम्ही म्हणालात.

“आणि आजी?”

“न्हाय वाचली की बे. तिच्यामागनं घरातली आणखी दोघं गेली.” तुम्ही लिंबाची काडी मोडलीत. “म्हणून मला दोन्ही कळतंय. नाव लपवलं की माणूस मरतंय. नाव सांगितलं की माग जातोय. तू तिसरं कायतरी सांग. मग तुझं बी.ए. मी मानतो.”

माझ्याकडे तिसरं काही नव्हतं. तुमच्याकडे निदान एक वाट होती. सूत पांढरं करायला तुमच्या गल्लीतल्या रंगाच्या कारखान्यात जी पावडर वापरतात, ती जवळपास टीसीएलच. तुमचा एक आतेभाऊ तिथं कामाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं तुम्ही सोलापूरला निघालात. तक्ता रोज दुपारच्या गाडीनं तालुक्याला जावा लागे, म्हणून निघताना दोन कोऱ्या तक्त्यांवर सही करून ते माझ्या हातात दिलेत.

“रकाना ठाऊक हाय न्हवं?”

“हो.”

“काय?”

“गॅस्ट्रो.”

“शाणा हायस,” म्हणालात आणि गेलात.

कोऱ्या कागदावर सही देऊ नये, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला शिवप्पा गेला. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो पाटी उचलत होता. गंगव्वाची पेज त्याच्या पोटात ठरली नाही. ती रडली, मग उठली, पातेल्याखालचा जाळ नीट केला, आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी तक्ता भरत होतो.

“त्यांचं नाव लिवलास का, तम्मा?”

“लिहिलं.”

“म्होरं काय लिवनार?”

माझं पेन रकान्यावर थांबलं.

“त्या दिवशी सायेब म्हनला त्ये? ग्यासचं?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं गॅस्ट्रो ऐकलं होतं, आणि तिच्या ओळखीचा गॅस एकच होता.

“ग्यास आमच्यात लग्नात डोक्यावर घेत्यात, वरातीत,” ती म्हणाली. “उजेडासाठी. त्यानं मानूस मरतंय व्हय रे? माजा नवरा ग्यासनं मेला?”

अण्णा, मी तिच्यासमोर तुमच्या सहीच्या वर ‘पटकी’ लिहिलं. शिवप्पाच्या नावापुढं लिहिलं, आणि त्याच्या वरच्या सगळ्या नावांपुढंही लिहिलं. तिला वाचून दाखवलं.

“व्हय,” ती म्हणाली. “त्येच. आता बराबर हाय.”

दुपारच्या एस.टी.नं तक्ता गेला. तो थांबवायला माझ्याकडे दोन तास होते. त्या दोन तासांत मी मनाशी फार मोठा झालो होतो. आज लाज वाटते ती लिहिल्याची नाही, त्या मोठं होण्याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. एस.टी.च्या टपावरून पोतं उतरवलंत. खुशीत होता. पावडर कालवून विहिरीत सोडलीत, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलंत आणि म्हणालात, “आमच्या गल्लीचा वास आला बघ.” मी तुम्हाला तक्त्याची कार्बनची प्रत दाखवली. माझ्या हातानं दाखवली, एवढं एक तरी माझ्या पदरात असू द्या.

तुम्ही ती वाचलीत. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

“शिवप्पा?” तुम्ही विचारलंत.

“हो.”

तुम्ही कागदाची बारीक घडी केलीत आणि खिशात ठेवलीत. “जा, पेज ढवळ. तिला जरा बसू दे.”

त्यानंतर दोन जीपा आल्या. डॉक्टर आले. पत्र्याच्या शेडला दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ज्या माणसांची आशा आपण सोडली होती, ती संध्याकाळी उठून बसली आणि तंबाखू मागू लागली. ते मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून आजही त्या शब्दाला मी सर्वस्वी चूक म्हणू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला. काम बंद, पुढील आदेश होईपर्यंत. साहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला, इतक्या खाली आवाजात की मागच्यांना दोनदा विचारावं लागलं. मग पालं उतरू लागली. तुम्ही मिठाच्या पुड्या बांधत पळत होता. प्रत्येक घराच्या हातात एक पुडी, आणि तेच वाक्य: घोट घोट पाजा, खड्ड्यातलं पिऊ नका. गंगव्वा दोन मुलींना घेऊन निघाली. डोक्यावर पातेलं होतं. तुम्हीच दिलं होतं.

“कुटं जाणार, गंगव्वा?”

“काम असंल तितं.” तिनं कानडी मुलखाच्या सीमेकडे हात केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “येते, तम्मा.” तिनं माझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं.

माणसांच्या ओळी तीन वाटांनी पांगत गेल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, “गाडा निघाला, बी.ए.”

पुढं त्या वाटांवरच्या गावांतून आजाराच्या बातम्या आल्या. किती गेले, ते मला ठाऊक नाही आणि अंदाजानं लिहिणार नाही. ती गावं आपल्या तक्त्यात नव्हती. हद्द संपली होती.

मग चौकशी लागली: न विचारता पटकी कुणी लिहिली? साहेबांनी तो तक्ता तुमच्यासमोर धरला. मी दाराशी उभा होतो.

“राजय्या, हे अक्षर तुमचं नाही.”

“सही माझी हाय की, सायेब. सहीच्या वर जे काय असंल, ते माझंच.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, अण्णा. तुम्ही वळून पाहिलंत. “बी.ए., बाहेर डायवर मघापासनं उन्हात बसलाय. त्याला पाणी नेऊन दे.”

आणि मी तांब्या घेऊन पाणी द्यायला गेलो.

तो तांब्या मी किती वर्षं हातात धरून उभा आहे! माझी जागा हंगामी होती, घरात मी पहिला शिकलेला, आई त्या मडक्याची राखण करत बसलेली. हे सगळं तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही मला बाहेर पाठवलंत. पण आत परत यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

तुमची बदली झाली ती नेमकी माझ्या मुलखात. जेऊरला स्टेशनाजवळ एक खोली घेतलीत. बढती तुमच्या नंतरच्या माणसाला मिळाली. माझी आई तुम्हाला भाकरी पाठवायची आणि मी गावी गेलो की म्हणायची, “तुजा सायेब लई गुनाचा. म्हनत होता, तुमचं पोरगं खोटं लिवत न्हाय.” मी भाकरीकडे बघत बसायचो. माझ्या कायम होण्याच्या कागदावर तुमचाच शेरा होता: प्रामाणिक. तो एक शब्द मी अजून फेडू शकलेलो नाही.

एकदा, दोनेक वर्षांनी, आपण जेऊरच्या फलाटावर बसलो होतो. तुम्ही शनिवारचे सोलापूरला घरी निघाला होता. गाडीला उशीर होता. मी धीर करून विचारलं, “अण्णा, माझ्यावर राग आहे?”

“न्हाय बे. पण तुझं अर्धंच खरं होतं.”

“म्हणजे?”

“नाव लिहिलंस ते बरोबर. म्हणून तर सही नाकारली न्हाय. पण नावाच्या पुढचा रकाना तक्त्यातच न्हाय. काम बंद पडलं तर त्या दिवसांची हजेरी कोण लावणार? तो रकाना असता तर सायबानंच नाव लिहिलं असतं. माझ्या आज्यानं बी आजीला खड्ड्यात घातलं नसतं.” तुम्ही माझा दंड धरलात. “सुई टोचल्यावर बायांना दोन दिवस सावली दिली का न्हाय आपण? मग सगळ्या कामाचाच दंड सुजलाय असं समजायचं. घरी बसा म्हणायचं आणि हजेरी लावायची. मग कोण पळतंय गाडा घेऊन?”

माझ्यातला बी.ए. जागा झाला. म्हणालो, “दुष्काळात तिजोरी रिकामी असते, अण्णा. न केलेल्या कामाची मजुरी कुठून द्यायची?”

“घरी बसणं हे काम न्हाय व्हय? गावाला वाचवायचं काम हाय ते.”

“त्याचं मोजमाप कसं करणार?”

“मातीचं करताव, तसंच.”

गाडी आली. तुम्ही चढलात, खिडकीतून बोट नाचवत म्हणालात, “पुढच्या टायमाला उत्तर घेऊन ये.” पुढच्या वेळी आपण दुसरंच काही बोललो. तुम्ही त्या रकान्याबद्दल वर एक पत्र लिहिल्याचं मला फार उशिरा कळलं. उत्तर आलं नव्हतं. माझंही राहिलं. अण्णा, आता देतो: तुमचं बरोबर होतं. मोजता आलं असतं.

काल मी पुन्हा तुमच्या घरी गेलो. अक्का तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, नाहीतर पुन्हा परिस्थिती आठवली असती. म्हणालो, “अक्का, तो शब्द त्यांचा नव्हता. माझा होता. सही त्यांची होती, कोऱ्या कागदावरची.” मग बसलो आणि गंगव्वाचं, शिवप्पाचं, तांब्याचं, सगळं सांगितलं. शेजारचा माग चालू होता. मला मोठ्यानं बोलावं लागलं आणि मी थांबलो नाही. आता हे पत्र छापायला देतोय, म्हणजे खात्यात ज्यांनी तुम्हाला हट्टी म्हटलं, त्यांनाही कळेल.

अक्कांनी सूप मांडीवर ओढून घेतलं. त्या रागावतील, याची मी तयारी करून गेलो होतो. तीन वर्षं होती ती त्यांची.

“ती बाई कुठल्या अंगाला गेली म्हणालास?” त्यांनी विचारलं.

“अक्कलकोटच्या पलीकडं. सीमेकडं.”

“असं व्हय.” त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “ह्ये दर वर्षी रजा काढून अक्कलकोटला जायचे. मला वाटायचं मठात जातात. पण कधी परसाद आणला न्हाय. खोबऱ्याचा तुकडा बी न्हाय. पायताणं मात्र धुळीनं भरलेली. एकदा मी भांडले. म्हटलं, देवाला जाऊन रिकाम्या हातानं येतंय का कोण? तर म्हणाले, भेट झाली न्हाय.”

मी सुपाजवळ सरकून बसलो.

“भेट झाली न्हाय, म्हणाले,” अक्का पुन्हा म्हणाल्या. “मी हसले होते रे त्यांना.”

मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि डोळे पुसले. तुम्ही गेल्यापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“सापडली का पुढं ती?”

“ठाऊक नाही, अक्का.”

“मग तू बघ की.”

रविवारी सकाळच्या एस.टी.नं निघतोय, अण्णा. गावोगाव काय विचारायचं ते ठरवलंय: तलावावर मिठाची पेज ढवळायची, ती गंगव्वा. आता तिच्या मुली लग्नाच्या झाल्या असतील. तुम्ही कुठल्या कुठल्या गावांत विचारलंत ते ठाऊक असतं तर बरं झालं असतं. आता पहिल्यापासून सुरू करतो. येताना मठावरूनच गाडी येते. पण भेट झाली नाही, तर मीही प्रसाद आणणार नाही.